फरक दिसेपर्यंत

आज एका रोपाजवळ बसायचं आहे. ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही अशा रोपाजवळ.

ते शोधायला लांब जावं लागत नाही. पाऊस लागला की मोगऱ्याच्या कुंडीत, कंपाउंडच्या भिंतीच्या चिरेत, शेताच्या बांधावर, बसथांब्यामागच्या मातीत आपण न लावलेलं काही ना काही उगवतंच. त्यातलं एक निवडा. फुलांनी लगडलेलं नको. डोळा फुलावर अडकतो आणि बाकीचं झाड पाहायचं राहून जातं. वीतभर उंचीचं, साधं, एरवी ज्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं असं रोप चांगलं. फोन घरात राहू द्या. एक वही घ्या, पेन्सिल घ्या. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर तेही घ्या.

आता रोपाच्या उंचीला या. उभ्याने पाहिलं तर त्याचा फक्त माथा दिसतो. पाट घ्या, पायरीवर बसा. गुडघे दुखत असतील तर कुंडीच उचलून टेबलावर ठेवा. डोळे आणि पानं एका पातळीवर आली की पहिलं काम झालं.

लगेच काही ओळखायचं नाही. थोडा वेळ नुसतं पाहत राहा. वाऱ्याने ते किती हलतं, उजेड कुठून येतो, कुठलं पान किडीने खाल्लं आहे. श्वास चालू आहे, पाहणं चालू आहे. एवढं पुरे.

माझ्यासमोर मोगऱ्याच्या कुंडीत आलेलं एक रोप आहे. तुमच्यासमोरचं वेगळं असेल. मी माझ्या रोपाला जे प्रश्न विचारेन, तेच तुम्ही तुमच्या रोपाला विचारा. उत्तरं वेगळी येतील, आणि तीच तुमची कमाई.

०

मन मात्र गप्प बसत नाही. लगेच म्हणतं, हे लाजाळू दिसतंय. नाहीतर चिंचेचं रोप असेल. मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना बारीक पानं ओळीने लागलेली, मग आणखी काय असणार?

मनाला दटावू नका. साम्य शोधणं ही त्याची जुनी सवय आहे आणि ती कामाचीही आहे. ते जे नाव सुचवेल ते वहीत लिहा, पुढे प्रश्नचिन्ह काढा. मग शांतपणे विचारा, हे लाजाळू असतं तर आणखी काय काय दिसलं असतं?

लाजाळूच्या दांड्यावर काटे असतात. बोट लावलं की पानं मिटतात. समोरच्या पानांना हलकेच बोट लावा. वाट पाहा. काही मिटत नाही. दांड्यावरून बोट फिरवा. कुठेच टोचत नाही. बरं, चिंच असती तर? चिंचेच्या कोवळ्या रोपाला खाली बियेची दोन जाड दलं दिसतात आणि खोड लवकरच लाकडासारखं टणक होऊ लागतं. इथे खोड कोवळं, हिरवं, आणि दलांचा पत्ता नाही.

काय झालं ते पाहा. नाव मिळालं नाही, उलट होती ती दोन गळाली. पण ती गळता गळता या रोपाबद्दल काही गोष्टी पक्क्या झाल्या. काटे नाहीत. स्पर्शाने मिटत नाही. खोड मऊ आहे. थोड्या वेळापूर्वी हे कसलं तरी रोप होतं. आता त्याचं त्याचं असं काही दिसू लागलं आहे.

साम्य आपोआप दिसतं. फरक दिसायला थांबावं लागतं. आज आपल्याला हे थांबणंच शिकायचं आहे.

०

खोडापासून सुरुवात करू. मातीतून ते जिथे वर येतं तिथे नजर टेकवा आणि अगदी हळू वर चढवा. घाई झाली असं वाटलं तर पुन्हा खाली जा.

खोड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून किंचित फिरवा. गोल लागतं की कंगोरे लागतात? तुळस, सब्जा, पुदिना यांचं कोवळं खोड असं फिरवलं की चार कोपरे बोटांना स्पष्ट कळतात. त्यांची पानं समोरासमोर जोडीने येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर तिच्या वरची दक्षिण-उत्तर असते. चौकोनी खोड, आडव्या-उभ्या जोड्या आणि पान चुरडल्यावर वास, अशी तीन लक्षणं एकत्र आली की फूल नसतानाही तुळशीच्या कुळाकडे बोट दाखवता येतं. एकट्या चौकोनी खोडावर मात्र भरवसा ठेवू नका, ते दुसऱ्या कुळांतही आढळतं. कुठल्याही एका लक्षणावर ओळख उभी राहत नाही. तीन-चार लक्षणं एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा ती उभी राहते.

माझ्या रोपाचं खोड गोलसर आहे. वास नाही.

आता खालचं एखादं पान खुडा. पांढरा चीक आला का? रुईला येतो, वडाला येतो, फटीफटींतून उगवणाऱ्या दुधीलाही येतो. आला असेल तर वहीत लिहा आणि हात धुऊन मगच पुढे पाहा, कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा करतो. माझ्या रोपाला चीक आला नाही. तेही लिहायचं. जे नाही ते लिहिणं हे जे आहे ते लिहिण्याइतकंच महत्त्वाचं.

मग पेरं पाहा. पेर म्हणजे खोडावरची पानं फुटण्याची जागा. पानं एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत, की एकाच पेरावर अनेक पानांनी घेर धरला आहे? कण्हेरीला बहुधा तीन पानांचा घेर असतो. सप्तपर्णीचा घेर सहसा पाच-सात पानांचा. आयुष्यभर दारात कण्हेर असूनही हा घेर पाहायचा राहून गेलेला असू शकतो. तसं असेल तर आज जाऊन पाहा. फुलाच्या रंगापलीकडची कण्हेर पहिल्यांदा भेटेल.

०

आता पान. इथे आपण जास्त वेळ घालवणार आहोत, कारण पान म्हणजे नेमकं काय हे ठरवणं वाटतं तितकं सरळ नाही.

कडुलिंबाची डहाळी आठवा. गुढीपाडव्याला ती गुढीला बांधतो, तिची कोवळी पानं तोंडात टाकतो. कडेला दाते असलेली जी वाकडी पाती आपण पान म्हणून तोडतो, ती पूर्ण पान नसते. ती पर्णिका. दोन्ही बाजूंना पर्णिका धरून असलेली सगळी काडी मिळून कडुलिंबाचं एक पान होतं.

हे कळतं कशावरून? बेचक्यावरून. पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो तिथे वरच्या बाजूला एक बेचकं तयार होतं आणि त्यात एक कळी बसलेली असते. पुढची फांदी किंवा फूल तिथून फुटतं. पर्णिकेच्या बुडाशी अशी कळी नसते. म्हणून अनोळखी झाडापुढे पानाचा आकार न्याहाळण्याआधी विचारायचं, कळी कुठे आहे? कळी सापडली की पान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे समजतं.

हा प्रश्न समोरच्या रोपाला विचारू. त्याच्या उभ्या खोडातून आडव्या काड्या फुटल्या आहेत, आणि प्रत्येक काडीवर दोन ओळींत इवली, लांबट-गोल पानं आहेत. वरून पाहिलं तर ही प्रत्येक काडी म्हणजे कडुलिंबासारखं एक संयुक्त पान वाटतं. आता त्यातली एक काडी दोन बोटांनी हळूच उलटी करा. उलटीच करा, वरून जे दिसणार नाही ते पाहायचं आहे.

प्रत्येक इवल्या पानाच्या बेचक्यातून खाली काहीतरी लोंबतंय. कुठे पांढुरकं-हिरवं फूल, इतकं लहान की भिंगाशिवाय पाकळ्या मोजता येऊ नयेत. कुठे बारीक देठाला गोल हिरवा दाणा, दोनेक मिलिमीटरचा. एकामागे एक अशी ओळ, बुडाकडे मोठी झालेली फळं आणि टोकाकडे नुकत्या येऊ लागलेल्या कळ्या.

इथे थांबा. हवा तेवढा वेळ थांबा.

बेचक्यात फूल आहे, म्हणजे ही इवली पाती पर्णिका असू शकत नाहीत. ती पूर्ण पानं आहेत. आणि ज्या काडीला आपण एक पान समजत होतो ती फांदी आहे. आता मुख्य खोड पाहा. त्याच्यावर हिरवी पानं जवळपास नाहीतच, काड्या फुटतात तिथे फक्त बारीक खवले आहेत. पानांचं सगळं काम या आडव्या काड्यांनी उचललं आहे, आणि फुलं-फळं त्यांच्याच पोटाखाली सुरक्षित आहेत. वरून रोज पाणी घालणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत.

आवळ्याच्या झाडाखाली कधी उभे राहिलात तर डोकं वर करून पाहा. तिथेही अशाच काड्या, अशीच दोन ओळींतली बारीक पानं, आणि पानगळीत पानांसकट गळून पडणाऱ्या काड्यांचा खालचा सडा. या दोघांचा वनस्पतिशास्त्रातला गण एकच आहे, फिलँथस. एक अनेक वर्षं जगणारा वृक्ष आणि एक पावसाळ्याच्या कुंडीत काही महिन्यांत आयुष्य पुरं करणारं रोप. उंचीत, वयात, फळाच्या आकारात काही मेळ नाही. नातं दिसतं ते पानांच्या आणि काड्यांच्या ठेवणीत.

हा भुईआवळा आहे.

०

नाव मिळालं की उठावंसं वाटतं. आणखी थोडं बसा.

भुईआवळा म्हणून लोक जे उपटून आणतात त्यात एकाहून अधिक जाती असतात. फळ गुळगुळीत आणि छोट्या देठावर लोंबणारं असेल तर ती बहुधा फिलँथस अमॅरस ही जात. फळ खरबरीत आणि जवळपास देठाशिवाय काडीला चिकटलेलं असेल तर ती फिलँथस युरिनॅरिया. भिंग डोळ्याशी धरा, फळ भिंगाशी आणा, श्वास रोखून पाहा. माझ्या रोपाचं फळ गुळगुळीत आहे, देठ आहे. काविळीवरचं औषध म्हणून या रोपाला घरोघर मान आहे. दक्षिण भारतातल्या बाजारांतून गोळा केलेला वाळका भुईआवळा तपासला गेला तेव्हा त्यात याच गणातल्या अनेक जाती मिसळलेल्या निघाल्या. वाळक्या जुडीत फळं चुरतात, देठ मोडतात आणि फरक सांगणारी खूणच नाहीशी होते. कुंडीत मात्र ती अजून जागेवर आहे.

इतका बारीक फरक पाहून करायचं काय, असं मनात येईल. येऊ द्या. आणि आता डोळे मिटून पहिल्या पावसानंतरचा बाजार आठवा.

ठाणे, पालघर, रायगडच्या रस्त्यांवर फडकं पसरून बसलेल्या बायका. पुढ्यात टाकळ्याच्या जुड्या, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं. शेवळं घ्यायला गेलात तर त्या सोबत काकडंही घ्या म्हणतात, कारण नुसती शेवळं घशाला खाजतात. त्यांच्यापुढचा टाकळा मनाने हातात घ्या. त्याला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. टोकं गोलसर, शेवटची जोडी सर्वांत मोठी. खालच्या जोड्यांच्या मधोमध दांड्यावर एक इवली उभी ग्रंथी असते. त्याच रस्त्याच्या कडेला कासविंदा उगवतो. पिवळी फुलं, लांब शेंगा, वरवर पाहता टाकळ्याचाच भाऊ. पण त्याच्या पर्णिका बहुधा चार-पाच जोड्यांच्या, टोकाला निमुळत्या, आणि ग्रंथी एकच, देठाच्या बुडाशी.

पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरला की लहान मुलं अचानक बेशुद्ध पडत आणि दगावत. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर एकदम घाला घालणारा तो आजार वर्षानुवर्षं गूढ राहिला. डॉक्टरांनी माग काढला तेव्हा कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने तो होतो हे उघड झालं. खेळता खेळता मुलांनी शेंगा फोडून बिया खाल्ल्या होत्या. देठाच्या बुडाशी असलेली ती एक ग्रंथी आता मनासमोर आणा. एवढ्याशा खुणेवर किती काही अवलंबून आहे ते शांतपणे मनात उतरू द्या.

आणखी एक पान पाहू. पावसात झुडपांवर चढणारी कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळांची फुलं आली की ती कोणालाही ओळखू येते. फूल नसताना तिच्या पानाचं टोक पाहायचं. ते लांबत जाऊन वळतं आणि शेजारच्या काडीला विळखा घालतं. वेलीला आधार देणारा तणावा इथे पानाच्या टोकाचाच झालेला आहे. तिच्या सर्वांगात कोल्चिसिन हे विष असतं. श्रीलंकेत तिचे कंद रताळी समजून खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. कंद मातीखाली असतो, पण पानाचं टोक आधीच सांगत असतं.

म्हणून या मननात चव घेऊन पाहणं नाही. डोळा, बोट, नाक, भिंग, एवढ्यावर भागवायचं. खात्री पूर्ण झाली नसेल तर रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही, औषध म्हणूनही नाही.

०

थोडा वेळ आपल्या रोपावरची नजर उचला आणि आजूबाजूला पाहा. ओळखण्याचं हे काम करणारे आपण एकटे नाही.

लिंबाच्या कुंडीभोवती काळ्या-पिवळ्या फुलपाखराची मादी घिरट्या घालते. ती पानावर टेकते, पुढच्या पायांनी भराभर टकटक करते, उडते, दुसऱ्या पानावर जाते, पुन्हा टकटक. तिच्या पायांवर चव घेणारी इंद्रियं असतात. पान लिंबाच्या कुळातलं आहे असं पायांनी सांगितलं तरच ती अंडं घालते. चुकीच्या पानावर जन्मलेली अळी उपाशी मरेल. रंग आणि आकार पाहून ती जवळ येते, पण तेवढ्यावर निर्णय घेत नाही. टेकते, तपासते, नसेल तर उडून जाते. तिच्या या तपासण्याकडे लक्ष द्या. आपण जे शिकतो आहोत ते ती लाखो वर्षांच्या वारशाने करते आहे.

०

आता पुन्हा नावाकडे येऊ. नाव ही वरवरची गोष्ट आहे असं मानू नका. आपल्याआधी जे कोणी त्या रोपाजवळ बसले, त्यांनी पाहिलेले फरक नावात साठलेले असतात. नाव कळलं की त्यांनी पाहिलेलं सगळं आपल्यापुढे उघडतं.

सतराव्या शतकात मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक वान ऱ्हेडे याने तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला. 'हॉर्टस मलबारिकस' नावाने त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. त्यातलं ज्ञान इट्टी अच्युतन या ईळव वैद्याचं, आणि रंगा भट, विनायक पंडित, अपू भट या तीन कोकणी वैद्यांनी पारखलेलं. या तिघांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. भुईआवळ्याच्या गणातली रोपं त्या ग्रंथात किरगानेली या नावाने येतात. पुढे १७५३ साली लिनिअसने 'स्पेसीज प्लांटॅरम'मध्ये जगभरच्या वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली तेव्हा मलबारच्या वनस्पतींसाठी त्याने या ग्रंथातल्या चित्रांचा आधार घेतला. आज आपण मोगऱ्याच्या कुंडीपाशी बसून पाहिलेली काडी त्या वैद्यांनीही कधीतरी उलटी करून पाहिली असणार.

वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथांत ओळख पटवण्यासाठी एक किल्ली दिलेली असते. पावलोपावली ती दोन पर्याय ठेवते. पानं समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असतील तर या आकड्याकडे जा, एकाआड एक असतील तर त्या. लामार्कने फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या १७७८ च्या ग्रंथात अशी किल्ली वापरली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तो इथले अभ्यासक आजही उघडतात. गावात नवख्याला घर सांगताना आपण म्हणतो ना, देवळापासून डावीकडे वळा, मग पिंपळापाशी उजवीकडे, किल्ली तसंच आपल्याला झाडापर्यंत नेते. एक वळण चुकलं तर भलत्याच दारात उभे राहतो, आणि मग मागे येऊन पुन्हा नीट पाहावं लागतं. या मागे येण्यात कमीपणा नाही. किल्लीची रचनाच त्यासाठी आहे.

आणि पुस्तकाआधी माणसं आहेत. बांधावर भांगलणी करणाऱ्या आजींना, भाजी विकणाऱ्या मावशींना विचारा, मावशी, याला तुम्ही काय म्हणता? उत्तर लिहून घ्या. मग दुसरा प्रश्न विचारा, तुम्ही हे कशावरून ओळखता? पहिल्या प्रश्नाने नाव मिळतं, आणि तालुका बदलला की ते बदलूही शकतं. दुसऱ्या प्रश्नाने त्यांची नजर मिळते. मावशी पान उलटं करतील, देठ मोडून दाखवतील, ताजं पान नाकाशी धरतील. त्या हातांकडे पाहा.

०

आता वहीत नोंद करू. तारीख, जागा, ऊन की सावली, माती कशी. उंची. खोड. पानांची मांडणी. कळी कुठे आहे. फूल, फळ, चीक, वास. शेजारी काय उगवलं आहे. जमेल तसं एक चित्र काढा. चित्र सुंदर यायची गरज नाही, पण काढताना पानं खरोखर मोजावी लागतात, आणि मोजताना जे दिसतं ते नुसतं पाहताना दिसलेलं नसतं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात किंवा मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जे दाबून वाळवलेले नमुने जपले आहेत, त्यांच्यासोबतही अशीच चिठ्ठी असते. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, वास जातो, चीक दिसत नाही. संग्राहकाने त्या दिवशी जे लिहिलं, तेवढंच पुढच्या पिढ्यांना कळतं.

फोन हवा असेल तर आता आणा. ओळख सांगणारी ॲप्स आज पुष्कळांच्या फोनमध्ये आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण त्यांना दाखवाल तेवढंच दिसतं. म्हणून एकच वरून घेतलेला फोटो पुरेसा नाही. पूर्ण रोप, पानाची वरची आणि खालची बाजू, बेचकं, फूल समोरून आणि बाजूने, फळ, शेजारी मापासाठी पट्टी, असे फोटो घ्या. ॲप जे नाव सांगेल तेही मनाने सुचवलेल्या नावासारखंच लिहा, प्रश्नचिन्हासकट. मग त्या नावाची लक्षणं वाचून आपल्या नोंदीशी ताडून पाहा. नोंद आधी केलेली असली की यंत्राचं उत्तर तपासता येतं. नसली तर ते नुसतं मान्य करावं लागतं.

काही रोपांपुढचं प्रश्नचिन्ह पुसलं जाणार नाही. फूल येईपर्यंत थांबावं लागेल, कधी पुढच्या पावसापर्यंत. वहीत त्यांना जागा द्या. अर्धवट खात्रीने लिहिलेल्या नावापेक्षा प्रामाणिक प्रश्नचिन्ह अधिक मोलाचं आहे, कारण ते तुम्हाला पुन्हा त्या रोपाकडे पाठवतं.

आणि आजच संध्याकाळी एकदा परत या. भुईआवळा असेल तर दिवेलागणीला त्याची पानं मिटलेली दिसतील. स्पर्शाने न मिटणारी पानं अंधार पडू लागला की मिटतात. सकाळच्या नोंदीत आपण मिटत नाही असं लिहिलं होतं. तिच्याखाली ही ओळ लिहा, वेळेसकट.

०

शेवटी खुरपं हातात घेऊ. कुंडी असो की शेत, कधी ना कधी ते घ्यावंच लागतं.

भाताच्या खाचरात भातासारखंच दिसणारं एक गवत वाढतं, एकिनोक्लोआ. बेणताना जी रोपं वेगळी दिसली ती पिढ्यान्‌पिढ्या उपटली गेली आणि भाताशी मिळतीजुळती दिसणारी तेवढी वाचली. असं होत होत या गवताच्या काही जाती कोवळेपणी भातापासून ओळखणंही अवघड झालं. तरी एक खूण उरलेली आहे. पातं जिथे खोडाभोवतीच्या आवरणाला मिळतं तिथे भाताला एक पातळ पापुद्रा असतो, जिभिका. या गवताला ती नसते. सराव असलेला हात वाकून पातं किंचित मागे करतो, पाहतो, आणि मगच उपटतो. भात वाचतो तो या पाहण्यामुळे.

आपल्या कुंडीतही आधी असंच वाकून पाहू. वीतभर चौकोन मनाने आखा आणि त्यात किती प्रकारची रोपं आहेत ते मोजा. तीन पर्णिकांची आंबुशी असेल. चिकाची दुधी असेल. केना असेल, ज्याची निळी फुलं वर दिसतात आणि काही फुलं मातीखालीच धरतात. भुईआवळा तर आता ओळखीचा झाला. प्रत्येकाचं नाव आलं पाहिजे असं नाही. हे त्याच्यापासून कशाने वेगळं आहे एवढं सांगता आलं की झालं. जे आपल्याला वेगळं दिसलं, त्याच्याशीच आपण वेगळं वागू शकतो. औषधी रोप बाजूला लावू शकतो, विषारी रोप मुलांना दाखवून ठेवू शकतो, अळ्या लागलेलं रोप आठवडाभर राहू देऊ शकतो. सगळं एकसारखं हिरवं दिसत राहिलं तर यातलं काहीच करता येत नाही.

मोगऱ्याला जागा हवी, भाताला खत हवं. उपटायचं ते उपटा. पण कोणाला उपटलं हे तुम्हाला माहीत असू द्या.